पेरणे आणि पुरणे : एका आयरिश क्रियापदाची कुळकथा

मृगाचे दिवस होते. आमच्या धर्मग्रामातील एका वृद्ध शेतकऱ्याचा अंत्यविधी सकाळी आटोपला. रिवाजाप्रमाणे प्रत्येकाने मूठभर माती टाकली, प्रार्थना झाली आणि माणसे घरोघरी परतली. दुपारी पावसाने जराशी उसंत घेतली, तेव्हा मृताचा थोरला मुलगा राबाच्या जागेत भाताचे बी फोकताना दिसला. त्यात कोणाला काही वावगे वाटले नाही. पाऊस कोणासाठी थांबत नाही. बी वेळेवर पडले नाही तर वर्ष वाया जाते. त्या आठवड्यात एक वयोवृद्ध आयरिश धर्मगुरू आमच्याकडे पाहुणे म्हणून उतरले होते. बांधावर थांबून ते बराच वेळ त्या मुलाचा हात पाहत राहिले आणि मग मला म्हणाले, "फादर, या माणसाने आज सकाळी जे केले आणि आता तो जे करीत आहे, त्या दोन्ही कामांना माझ्या आजीच्या भाषेत एकच क्रियापद आहे."

ते वाक्य माझ्या मनातून गेले नाही. पुढे सवड मिळेल तसतसा मी त्या क्रियापदाचा माग काढीत गेलो. तो माग जुन्या मठांतील हस्तलिखितांतून, शेताच्या वाफ्यांतून आणि शेवटी एका भीषण दुष्काळातून गेला. वाचकांसमोर ठेवतो आहे ती त्या प्रवासाची हकीकत.

शब्द आणि त्याचा पसारा

हे क्रियापद म्हणजे 'किर'. त्याचे धातुसाधित नाम 'कुर'. मराठीत 'पेर' या धातूपासून 'पेरणे' किंवा 'पेरणी' व्हावी, तसे हे नाते आहे. शेतकऱ्याच्या तोंडी 'कुर' म्हणजे पेरणी किंवा लावणी. ओट पेरायचे, बटाटे लावायचे, झाड लावायचे, सर्वांना हेच क्रियापद. पेरणीच्या हंगामालाही 'कुरचा काळ' असेच म्हणतात. मात्र तोच शेतकरी शेजाऱ्याविषयी बोलताना 'काल त्याला माती दिली' हे सांगण्यासाठीही हेच क्रियापद वापरतो. दफनासाठी आयरिश भाषेत दुसरा, अधिक भारदस्त शब्द आहे. आपल्याकडे 'दफनविधी' आणि 'माती देणे' यांत जो फरक आहे, तसाच तो. परंतु चार माणसांच्या साध्या बोलण्यात पेरणे आणि पुरणे यांना एकच शब्द पुरतो. कर्माच्या जागी बटाटा आहे की माणूस, एवढ्यावरून ऐकणाऱ्याने अर्थ ओळखावयाचा.

या क्रियापदाचा पसारा एवढ्यावर संपत नाही. पाऊस पडतो आहे, बर्फ पडते आहे, अंगातून घाम किंवा रक्त वाहते आहे, हे सर्व 'कुर'नेच सांगतात. 'तो कुर करतो आहे' एवढेच म्हटले तरी बाहेर पाऊस लागला आहे हे समजते. प्रश्न विचारणे म्हणजे प्रश्न 'घालणे'. पाहुण्याचे स्वागत करणे म्हणजे त्याच्यापुढे स्वागत 'ठेवणे'. एखाद्या बातमीने दुःख झाले, तर तिने माझ्यावर दुःख 'घातले' असे म्हणावयाचे. आमंत्रणासाठी असलेला 'किरा' हा शब्दही याच घराण्यातला. मराठी माणसाला याचे फार नवल वाटू नये. आपण भात लावतो, दिवा लावतो, अर्थ लावतो, सवय लावतो आणि प्रसंगी एखाद्याची वाटही लावतो. एक साधे क्रियापद घराच्या दाराशी ठेवलेल्या कुदळीसारखे असते. जे काम पुढे येईल त्याला ते हाताशी असते.

आयरिश भाषेचा विख्यात कोश फादर पॅट्रिक डिनीन यांनी रचला. ते केरी परगण्यात १८६० साली जन्मले; प्रथम येशूसंघात होते व पुढे संघाबाहेर पडून त्यांनी आयुष्य या भाषेला वाहिले. त्यांचा कोश १९०४ मध्ये प्रसिद्ध झाला. १९१६ च्या ईस्टर उठावात डब्लिन शहर पेटले, तेव्हा या कोशाचे छपाईचे साचे जळून गेले. फादरांनी पुन्हा बैठक मारली आणि १९२७ मध्ये पहिल्याहून कितीतरी मोठा कोश सिद्ध केला. त्यातील 'कुर' या शब्दाखाली अर्थांची इतकी गर्दी आहे, की विनोदी लेखक ब्रायन ओ'नोलन यांना तिची थट्टा करण्याचा मोह आवरला नाही. 'मायल्स ना गोपालीन' या टोपणनावाने ते 'आयरिश टाइम्स'मध्ये सदर लिहीत. फादर डिनीन यांच्या थाटात त्यांनी 'कुर'च्या अर्थांची एक लांबलचक यादी रचली. आरंभीचे अर्थ खरे, पण पुढे पुढे चक्रम आणि अचाट. आयरिश वाचक ती यादी आजही आठवून हसतात. या थट्टेच्या मुळाशी असलेली गोष्ट मात्र खरी आहे. 'टाकणे, ठेवणे, घालणे' एवढ्याशा बीजातून या शब्दाने सारे रान भरून टाकले आहे.

हस्तलिखितांच्या कडेला

शब्दाची कुळी शोधायची तर जुन्या आयरिशकडे जावे लागते. या भाषेचे सर्वांत समृद्ध जुने नमुने आयर्लंडमध्ये मिळत नाहीत. ते जर्मनी, इटली आणि स्वित्झर्लंड येथील ग्रंथालयांत आहेत. सहाव्या शतकापासून आयरिश मठवासी युरोपभर गेले. संत कोलंबान यांनी इटलीत बोब्बिओचा मठ स्थापला व ते ६१५ साली तेथेच निवर्तले. त्यांचे सहकारी संत गाल यांच्या नावाने स्वित्झर्लंडमध्ये मठ उभा राहिला. हे साधू लॅटिन ग्रंथ अभ्यासताना ओळींच्या मध्ये आणि पानांच्या कडेला मातृभाषेत बारीक अक्षरांत टिपणे करीत. जर्मनीतील व्युर्त्सबुर्ग येथे असे एक हस्तलिखित आहे. त्यात संत पौलाची पत्रे लॅटिनमध्ये असून त्यांभोवती आठव्या शतकातील आयरिश टिपणांची दाटी आहे. लॅटिन घोकताना मीही पुस्तकाच्या कडेला मराठी अर्थ लिहीत असे. त्यामुळे या अनाम अभ्यासकांविषयी मला विशेष जवळीक वाटते.

त्या जुन्या भाषेत 'टाकणे, ठेवणे' या अर्थाची दोन क्रियापदे जोडीने नांदत होती : 'फो-केर्द' आणि 'कुरेथर'. वाक्यातील स्थानाप्रमाणे कधी एक पुढे येई, कधी दुसरे. 'कुरेथर'चे रूप कर्मणी प्रयोगासारखे आणि अर्थ मात्र कर्तरी. ज्यांनी लॅटिन व्याकरणाशी झुंज दिली आहे, त्यांना ही जात परिचित असेल. साधारणतः ९०० ते १२०० या काळात भाषेची घडी बदलली. 'फो-केर्द' मागे पडले, 'कुरेथर'ने आपले अवघड रूप टाकले आणि त्यातूनच आजचे सुटसुटीत 'किर' निघाले.

याच कुळातील 'कोर' हा शब्द जुन्या आयरिश कायद्यात भेटतो. त्याचा अर्थ करार. तोंडी कराराला 'ओठांचे टाकणे' अशा अर्थाचा शब्दप्रयोग आहे. मराठीतही आपण कोणाकडे 'शब्द टाकतो'. हातातून बी सुटावे तसा ओठांतून शब्द सुटतो आणि एकदा सुटला की तो परत घेता येत नाही. म्हणूनच त्या समाजात करारासाठी जामीनदार लागत आणि करार कसा पाळवून घ्यावा यावर स्वतंत्र ग्रंथ होते.

ही जुनी भाषा पुन्हा प्रकाशात आणण्याच्या कामी भारताचाही काही संबंध आला. डब्लिनमध्ये १८३० साली जन्मलेले व्हिटली स्टोक्स हे कायदेपंडित १८६२ मध्ये भारतात आले आणि १८७७ ते १८८२ या काळात व्हाइसरॉयच्या मंडळाचे कायदेविषयक सदस्य होते. दिवसा ते हिंदुस्थानचे कायदे रचीत आणि उरलेल्या वेळात आयरिश हस्तलिखितांचा अभ्यास करीत. युरोपातील ग्रंथालयांत विखुरलेल्या आयरिश टिपणांवरील त्यांचे पुस्तक १८६६ मध्ये कलकत्त्याला छापले गेले. संत पॅट्रिक, संत ब्रिजिड व संत कोलंबा यांच्यावरील मध्ययुगीन आयरिश प्रवचनेही त्यांनी १८७७ मध्ये कलकत्त्यालाच छापून घेतली. पुढे जॉन स्ट्रॅचन यांच्यासह त्यांनी व्युर्त्सबुर्गच्या टिपणांसह सर्व जुन्या टिपणांचा मोठा संग्रह सिद्ध केला.

बी आणि बियाणे

पेरणीचा हात 'किर'चा असला, तरी त्या हातातील बियाला आयरिश भाषेत 'शील' म्हणतात. आपल्या 'शील' शब्दाशी त्याचा काही संबंध नाही. तो केवळ उच्चाराचा योगायोग. त्याचे खरे नातेवाईक वेल्श भाषेतील 'हील', लॅटिनमधील 'सेमेन', इंग्रजीतील 'सीड' आणि रशियनमधील 'सेम्या' हे होत. पेरणे या अर्थाच्या एकाच अतिप्राचीन धातूपासून हे सर्व शब्द निघाले. मूळचा दीर्घ 'ए' केल्टिक भाषांत 'ई' झाला. म्हणून लॅटिनमध्ये 'से' तर आयरिशमध्ये 'शी'. याच नियमाने राजाला लॅटिनमध्ये 'रेक्स' व आयरिशमध्ये 'री' म्हणतात. आपल्या संस्कृत 'राजन्'चे हे दूरचे भाऊबंद आहेत. आयर्लंड आणि महाराष्ट्र यांच्यामध्ये अर्धे जग पसरले असले, तरी भाषांच्या वंशावळीत आपण फार फार मागे एकाच घरचे ठरतो.

'शील' म्हणजे बी, तसेच संतती आणि वंश. कॉनॉट प्रांतातील राजघराणी पूर्वजाच्या नावापुढे 'शील' लावून ओळखली जात आणि सर्व मानवजातीला 'आदामाचे शील' म्हणतात. बायबलच्या वाचकांना ही कल्पना नवी नाही. अब्राहामाला मिळालेले वचन त्याच्या बीजासाठीच होते.

आमच्या लॅटिनच्या गुरुजींनी पहिल्याच तासाला सांगितलेली एक गोष्ट येथे आठवते. 'सेमिनारियुम' या लॅटिन शब्दाचा मूळ अर्थ रोपवाटिका. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १५६३ मध्ये प्रत्येक धर्मप्रांतात भावी धर्मगुरूंच्या शिक्षणाची सोय असावी असा आदेश काढला, तेव्हा त्या संस्थेसाठी हा शेतकऱ्याचा शब्द निवडला. "तुम्ही सर्व अजून राबातले आवण आहात," असे गुरुजी म्हणत. त्यातला उपहास आम्हांला तेव्हा कळे. उपटून दुसरीकडे लावले जाण्यातले दुःख पुढे पहिल्या बदलीच्या वेळी कळले.

पौलाचा दाणा

संत पौलाने करिंथकरांस लिहिलेल्या पहिल्या पत्राच्या पंधराव्या अध्यायात पुनरुत्थानाचा प्रश्न घेतला आहे. मेलेले कसे उठतील, असे विचारणाऱ्याला पौल शेतात घेऊन जातो. पेरलेला दाणा मेल्याशिवाय जिवंत होत नाही; पेरतो तो नुसता दाणा आणि उगवते ते देवाने दिलेले शरीर. पुढे तो मानवी देहाविषयीही पेरण्याचीच भाषा वापरतो : नाशवंत स्थितीत पेरले जाते, अविनाशी स्थितीत उठवले जाते. योहानकृत शुभवर्तमानाच्या बाराव्या अध्यायात प्रभू येशूनेही स्वतःच्या मरणाविषयी बोलताना मातीत पडणाऱ्या गव्हाच्या दाण्याचाच दृष्टांत दिला आहे.

ग्रीक, लॅटिन आणि मराठी वाचकाला हे रूपक म्हणून समजावून घ्यावे लागते. आपल्याकडे पेरणे वेगळे आणि पुरणे वेगळे. दोहोंमध्ये एका स्वराचेच अंतर, पण अर्थाने ते दोन टोकांना. म्हणून पौलाच्या वाक्यावर प्रवचन करताना मला आधी शेत, मग कबर आणि मग त्या दोहोंमधील पूल दाखवावा लागतो. आयरिश बोलणाऱ्या माणसाला तो पूल बांधावा लागत नाही. देह 'कुर' केला जातो म्हटले, की पेरणे आणि पुरणे ही दोन्ही चित्रे त्याच्या कानात एकदमच उभी राहतात.

येथे मी स्वतःलाच एक सावधगिरीचा इशारा देतो. धर्मगुरूंना शब्दांतून प्रवचने काढण्याची खोड असते. 'किर' या क्रियापदात पुनरुत्थानाची शिकवण कोणी मुद्दाम भरून ठेवलेली नाही. हातातली वस्तू जमिनीत घालणे, एवढाच त्याचा सरळ अर्थ. बी घातले तर पेरणे, माणूस घातला तर पुरणे. रोज शंभर वेळा हा शब्द वापरणारा आयरिश शेतकरी दर खेपेस पौलाचे चिंतन करीत नसेल. भाषा माणसाला श्रद्धा देत नाही. मात्र श्रद्धा आली की तिला बसायला ती पाट मांडून ठेवू शकते, आणि या भाषेने तो मांडून ठेवला होता.

लोकांच्या चालीरीतींत याच्या खुणा सापडतात. आयर्लंडमध्ये १ फेब्रुवारी, म्हणजे संत ब्रिजिडचा सण, हा वसंताचा पहिला दिवस मानतात. त्या दिवशी लव्हाळ्याचे वा गवताचे क्रूस विणून घराच्या आढ्याला लावतात. काही ठिकाणी क्रुसासाठी वापरलेल्या पेंढीचे दाणे जपून ठेवून ते पेरणीच्या बियाण्यात मिसळीत. त्याहून बोलकी प्रथा पवित्र शुक्रवारची. त्या दिवशी शेतीची मोठी कामे बंद; खिळा ठोकणेही वर्ज्य, कारण प्रभूच्या हातापायांत खिळे ठोकले गेले तो हा दिवस. परंतु त्याच दिवशी थोडेसे धान्य किंवा चार बटाटे जमिनीत घालावेत म्हणजे पिकाला आशीर्वाद लाभतो, असा समज अनेक भागांत होता. प्रभूला थडग्यात ठेवल्याची आठवण करण्याच्या दिवशी इतर सर्व कामे थांबत आणि पेरणी तेवढी चाले. त्या लोकांच्या तोंडी दोन्ही क्रियांसाठी शब्दही एकच होता.

काळे सत्तेचाळीस

या शब्दाची खरी कसोटी लागली ती १८४५ ते १८५२ च्या महादुष्काळात.

सोळाव्या शतकाच्या अखेरीस आयर्लंडमध्ये आलेला बटाटा एकोणिसाव्या शतकाच्या मध्यापर्यंत गरिबांचे एकमेव अन्न झाला होता. सुमारे तीस लाख माणसे, म्हणजे लोकसंख्येच्या तिसऱ्या हिश्श्याहून अधिक, जवळजवळ केवळ त्याच्यावर जगत. पश्चिमेकडील खडकाळ, पाणथळ जमिनीत फावड्याने वरंबे घालायचे, बटाट्याच्या डोळा असलेल्या फोडी करायच्या आणि त्या वरंब्यात घालून माती लोटायची, अशी त्यांची लावणी असे. आपण ज्याला बेणे म्हणतो ते या फोडींचे. बेणे म्हणजे गेल्या वर्षीच्या पिकातून न खाता राखून ठेवलेला वाटा.

१८४५ च्या शरद ऋतूत अमेरिकेकडून आलेल्या बुरशीने, म्हणजे करप्याने, पिकाचा मोठा भाग नासला. १८४६ मध्ये जवळजवळ सर्व पीक गेले. हिरवीगार शेते काही दिवसांत काळी पडली आणि दुर्गंधी सुटली. लोकांनी आधी जनावरे विकली, मग कपडे, आणि शेवटी राखून ठेवलेले बेणे खाल्ले. १८४७ मध्ये करप्याचा जोर ओसरला होता व जे काही लावले गेले ते बरे आले. परंतु लावायला बेणेच उरले नव्हते. दुष्काळापूर्वी वीस लाख एकरांहून अधिक जमिनीत बटाटा होता. १८४७ मध्ये तो सुमारे २,८४,००० एकरांवर आला. त्या वर्षाला आयरिश लोक 'काळे सत्तेचाळीस' म्हणतात. दुष्काळ बुरशीने आणला हे खरे. पण त्याच वर्षांत आयर्लंडच्या बंदरांतून धान्य आणि जनावरे बाहेर जात होती, आणि भाडे थकल्यामुळे हजारो कुटुंबांना घराबाहेर काढले जात होते, हेही तितकेच खरे.

कॉर्क परगण्यातील स्किबरीनजवळच्या ॲबीस्ट्रूरी येथील दफनभूमीत आठ ते दहा हजार मृतांना सामुदायिक खड्ड्यांत ठेवले असा अंदाज आहे. शवपेट्या करायला लाकूड आणि पैसा दोन्ही नव्हते; म्हणून तळ उघडणारी एकच पेटी करून तीतून एकामागून एक प्रेते खड्ड्यात सोडीत. ज्वराच्या साथीत आजाऱ्यांना अखेरचे संस्कार देताना कित्येक धर्मगुरूही त्यांच्या मागोमाग गेले.

आता आपल्या क्रियापदाकडे पाहावे. १८४७ च्या वसंतात, पेरणीच्या ऐन हंगामात, गावोगाव 'कुर' चालूच होते. क्रियापद तेच राहिले. कर्म तेवढे बदलले. ज्या हातांनी मार्चमध्ये बटाटे घालायचे, त्यांनी त्या मार्चमध्ये मुले घातली. त्या माणसांना या शब्दाने काही दिलासा मिळाला असेल असे लिहिण्याचे धाडस मला होत नाही. भुकेपुढे व्याकरण मुके होते. खड्ड्याशी उभ्या असलेल्या बापाला 'हेही पेरणेच आहे' असे सांगणारा प्रवचनकार मी होऊ इच्छित नाही. ते सांगण्याचा अधिकार ज्याने स्वतः थडग्यात उतरून दाखवले, त्या एकट्यालाच आहे.

तरी एक गोष्ट नोंदवली पाहिजे. त्या वसंतात बियाणे घेऊन येणारीही काही माणसे होती. विल्यम बेनेट नावाचे इंग्लिश क्वेकर गृहस्थ १८४७ च्या मार्चमध्ये सहा आठवडे आयर्लंडच्या पश्चिम भागात हिंडले आणि त्यांनी लहान शेतकऱ्यांना सलगमादी पिकांचे बी वाटण्याची व्यवस्था केली. उपाशी माणसाला अन्न द्यावे हे सर्वांना सुचते. त्याला पुढच्या वर्षाचे बी द्यावे हे सुचायला शेतकऱ्याचे मन लागते. हिंदुस्थानातूनही मदत गेली. कलकत्त्यातील निधीत सुमारे १४,००० पौंड जमले आणि वर्गणीदारांत येथील आयरिश सैनिकांबरोबर भारतीयही होते. १८४८ मध्ये लोकांनी उरलेसुरले विकून बेणे मिळवले व लागवड पुन्हा वाढवली. त्या वर्षी करपा परत आला. तरी पुढच्या वसंतात वरंबे पुन्हा घातले गेले.

दुष्काळात सुमारे दहा लाख माणसे मेली आणि आणखी दहा लाखांनी देश सोडला. १८४१ मध्ये आयर्लंडची लोकसंख्या सुमारे ८१,७५,००० होती. १८५१ मध्ये ती ६५,५२,००० भरली. देश सोडून गेलेल्यांसाठी जगभर वापरला जाणारा 'डायस्पोरा' हा शब्द ग्रीक असून त्याचा मूळ अर्थ इकडे तिकडे पेरले जाणे असा आहे. ती माणसे अमेरिकेत, कॅनडात, ऑस्ट्रेलियात जाऊन पडली आणि तेथे रुजली.

भाषेचे काय झाले?

दुष्काळाचा घाव सर्वांत खोल बसला तो पश्चिमेकडील गरीब शेतकऱ्यांवर, आणि आयरिश भाषा मुख्यत्वे त्यांच्याच तोंडी होती. १८५१ च्या जनगणनेत प्रथमच भाषेचा प्रश्न विचारला गेला. तेव्हा आयरिश बोलणारे सुमारे पंधरा लाख निघाले. १८३१ पासून सुरू झालेल्या सरकारी शाळांत शिक्षण इंग्रजीतून होते. मुलाच्या गळ्यात काठी बांधायची, तो आयरिश बोलला की तिच्यावर एक खूण करायची आणि खुणा मोजून त्याला छड्या मारायच्या, ही पद्धत अनेक ठिकाणी होती आणि आईबाप तिला संमती देत. त्यांना दोष देणे सोपे आहे. ज्यांनी भूक पाहिली होती, त्यांना आपल्या लेकरांनी जहाजात बसण्यापूर्वी इंग्रजी शिकावी असे वाटले.

दुष्काळ ओसरला न ओसरला तोच, १८५३ मध्ये, योहान कास्पार त्सॉयस या बव्हेरियन अध्यापकाने केल्टिक भाषांचे पहिले शास्त्रशुद्ध व्याकरण लॅटिनमध्ये प्रसिद्ध केले. त्याचा आधार होती व्युर्त्सबुर्ग वगैरे ठिकाणची तीच जुनी टिपणे. एकीकडे भाषा बोलणारे मातीआड होत होते आणि दुसरीकडे हजार वर्षे कपाटात पडून राहिलेले तिचे बियाणे कोणीतरी उजेडात आणीत होते. १८९३ मध्ये डब्लिनला 'गेलिक लीग' स्थापन झाली. तिचे पहिले अध्यक्ष डग्लस हाइड हे प्रॉटेस्टंट धर्मगुरूचे चिरंजीव. तेच १९३८ मध्ये देशाचे पहिले राष्ट्राध्यक्ष झाले. १९३७ च्या राज्यघटनेने आयरिशला पहिली राजभाषा मानले. १९३५ मध्ये लोकपरंपरा गोळा करण्यासाठी आयोग नेमला गेला आणि १९३७ ते १९३९ या काळात सुमारे पाच हजार शाळांतील मुलांनी घरच्या वृद्धांकडून जुन्या आठवणी लिहून आणल्या. त्यांत दुष्काळाच्याही अनेक होत्या. ज्या वर्गात पूर्वी काठीवर खुणा होत, तशाच वर्गांत आता आजीची भाषा वहीत उतरू लागली.

२०२२ च्या जनगणनेत आयर्लंडच्या प्रजासत्ताकात १८,७३,९९७ लोकांनी आपल्याला आयरिश बोलता येते असे सांगितले. मात्र शाळेबाहेर रोज ती बोलणारे ७१,९६८ एवढेच. या दोन आकड्यांतील अंतर पाहून कोणी म्हणेल की भाषा पुरली गेली, कोणी म्हणेल की ती पेरली गेली आहे. आयरिश माणसाला दोन्ही मते एकाच क्रियापदात सांगता येतील.

आमचे पाहुणे त्या अठरा लाखांतले होते. त्यांची आजी आयुष्यभर आयरिशमध्ये प्रार्थना करी, पण नातवंडांशी इंग्रजीतच बोले. 'किर'चा तो दुहेरी अर्थ त्यांना शाळेत शिकताना कळला. आजीला तो विचारावा असे सुचेपर्यंत तिला माती दिली गेली होती. हे सांगताना त्यांनी शेवटचे क्रियापद आयरिशमध्ये उच्चारले आणि त्याचा अनुवाद केला नाही.

आपल्यापैकी अनेकांच्या घरी आजीची एक बोली आहे आणि नातवंडांची शाळा दुसऱ्या भाषेत आहे. त्या बोलीत असा कोणता शब्द दडला आहे, ज्याने पौलाचे एखादे वाक्य न समजावताच समजेल, हे आजी आहे तोवर तिला विचारून ठेवावे. पाहुणे निघून गेल्यावर आठवडाभराने मी पुन्हा त्या बांधावरून गेलो. राबात बोटभर उंचीचे हिरवे कोंब आले होते. तेथून पलीकडे दफनभूमीतली ताजी माती पावसाने दबून सपाट होत चालली होती, आणि तिच्यावर कोणीतरी झेंडूचे रोप लावले होते.